मुगाच्या दाण्याएवढे गवाक्ष

दुसऱ्याच्या सुखाचा संकल्प त्याला न विचारता करावा काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्यात प्रेम असते हे खरे; पण प्रेमाच्या पोटात हट्टही दबा धरून बसलेला असतो, आणि ज्याच्यासाठी सारे चालले आहे त्याला नेमका तोच आधी दिसतो.

घड्याळजींनी ती जुनी गाडी घरी आणली तेव्हा पत्नीला विचारले नव्हते. निजायची बाकडी, छोटी शेगडी, भांड्यांचे कपाट असे ते चाकांवरचे घरच. परंतु वर्षानुवर्षे उघड्यावर पडून गंजाने पोखरलेले. पत्नी फाटकाबाहेर पडत नसे. एकदा भर चौकात तिला घेरी आली होती. शुद्धीवर आली तेव्हा डोळ्यांसमोर केवळ आभाळ होते, अफाट, कडा नसलेले. तेव्हापासून बाहेर पाऊल टाकले की तिचा श्वास कोंडे. शिवणयंत्र, स्वयंपाकघर आणि अंगण एवढ्यात तिने आपला संसार नेटका बसवला होता. ही गाडी तिला बाहेर नेईल, या एकाच आशेवर घड्याळजी झिजत होते.

"गाद्या शिवून देईन, पडदे शिवून देईन," तिने बजावले होते. "बसायचं नाव काढू नका."

"बस म्हटलं का मी?"

"तोंडाने नाही म्हणालात. पण इंजिन पुसता पुसता माझ्याकडे बघता, ते काय मला कळत नाही?"

इंजिनाने एव्हाना जीव धरला होता. पत्र्याचे काम घड्याळजींचा बालमित्र करीत होता. त्याला सारे वंगण म्हणत. पुढच्या काचेसकट साऱ्या खिडक्यांचे रबर बदलण्यासाठी काचा उतरवून तिथे काळी जाड ताडपत्री घट्ट ताणून बसवली होती. आतल्या कपाटाला नुकताच पांढरा रंग दिलेला.

एका लख्ख दुपारी घड्याळजी आत स्क्रू आवळीत असताना पत्नी गादीचे माप पाहायला आली. बाहेरून वाकून जमेना, म्हणून एक पाय आत आला, मग दुसराही. गाडी जॅकवर कललेली होती. सरकते दार आपल्याच भाराने घरंगळले आणि खाडकन बंद झाले.

"अहो, उघडा."

"आतली मूठ बसवायची राहिली आहे. ती बाहेर, टेबलावर."

"जन्मभर लोकांची घड्याळं जुळवलीत, आणि दाराला मूठ नाही?"

"वंगण जेवून येईलच. हाक मारू का?"

तिचे डोळे अंधाराला सरावले होते, आणि पांढऱ्या कपाटावर काहीतरी उमलत होते. तळाशी निळे, वर हिरवे. मग ध्यानात आले: ते रस्त्याकडेचे झाड होते, शेंडा खाली आणि बुंधा वर, पाने हलत होती, निःशब्द. रस्ता छताला टेकला होता. एक सायकलस्वार चाके वर करून शांतपणे निघून गेला. कपाटासमोरच्या पत्र्यात गंजाने पाडलेले, मुगाच्या दाण्याएवढे एक छिद्र बुजवायचे राहिले होते. त्यातून बाहेरचे सारे जग रंगांसकट उलटे होऊन आत आले होते. ते कोणी चितारले नव्हते, कोणी बोलावले नव्हते. घड्याळजींनी आयुष्यभर भिंगातून सूक्ष्म ते पाहिले होते. हात जोडावेसे वाटले ते आज.

पत्नीने कपाटापुढे हात धरला. तळहातावर आभाळ उतरले. ज्याला ती इतकी वर्षे भ्याली तेच, वितीएवढे, थरथरणारे. एक पांढरा ढग करंगळीवरून अंगठ्याकडे सरकला.

"इतकं हळू चालतं हे?" ती कुजबुजली.

तेवढ्यात कपाटावर एक ढेरपोटी आकृती डोक्यावर चालत आली.

"अहो, तुमचा वंगण उलटा येतोय!" आणि ती हसली, डोळ्यांत पाणी येईतो हसली.

वंगणाने दार उघडले. "काय रे, या वयात लपंडाव? बरं, सरका. एकच भोक राहिलंय, आत्ता बुजवतो."

"भाऊजी, हात लावाल तर बघा!"

"अहो वहिनी, पाणी येईल आत."

"चामड्याचं बूच शिवून देईन मी."

"गंज राखून ठेवा म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच बघतोय," वंगण पुटपुटला.

'आता बाहेर येशील का?' हा प्रश्न घड्याळजींच्या ओठांशी आला होता. तो त्यांनी गिळला. शेवटी तीच गादीची कड चाचपत म्हणाली, "इथून तेच एक झाड दिसणार. गाडी हलली तर दुसरं काही दिसेल ना?"

"दिसेल."

"मग मागच्या काचा इतक्यात बसवू नका. दार लावून घ्या, आणि हळू न्या."

पुढची काच बसली; मागे अंधार राहावा म्हणून तिने चालकाच्या आसनामागे लावायला जाड पडदा शिवला. घड्याळजींनी आतली मूठ बसवली. तिला हवे तेव्हा दार तिच्या हाती असावे.

फाटक ओलांडताना त्यांनी वेग आणखी कमी केला. पडद्यामागे श्वास जड झालेला ऐकू येत होता. थांबवू का, असे ते म्हणणार तोच आवाज आला, "पाट्या वाचता येत नाहीत हो, सगळी दुकानं शीर्षासनात!" मग, "पूल! पूल आला, आणि नदी वर!" घड्याळजींना समोर साधी नदी दिसत होती. जगाकडे सरळ पाहण्याचे त्यांना प्रथमच वाईट वाटले.

मोकळ्या माळावर त्यांनी गाडी उभी केली, इंजिन बंद केले, आणि मागे वळून पाहिले नाही. बराच वेळ काहीच घडले नाही. मग दार बोटभर सरकले, नंतर हातभर. उजेड आत शिरला तसे कपाटावरचे चित्र विरून गेले असणार. तिने ते जाऊ दिले. पायरीवर बसून, एका हाताने चौकट घट्ट धरून, तिने मान वर केली.

"केवढं आहे हो हे!"

घड्याळजी येऊन तिच्या शेजारी टेकले. तिचा श्वास जलद चालला होता. पण तिने मान खाली घातली नाही.

दार उघडायला ज्यांना वेळ लागतो, त्यांना तो वेळ मिळो. आणि त्यांची वाट पाहणाऱ्यांना न विचारता थांबण्याचे बळ लाभो. त्या दोघांवर ते आभाळ सदैव प्रसन्न राहो.