मासिनाच्या मुलाचा नीरफणस

आमच्या सामोआत मूल जन्मलं की त्याची वार अंगणात पुरून वर नीरफणस लावतात. मासिनाच्या मुलाला समुद्राने नेलं, प्रेतही मिळालं नाही. नवरा आधीच गेला होता. रडायला तिला तेवढं एक झाड उरलं होतं.

नणंद सिनिवाला मात्र गावातल्या बायका घरोघरची अंगणं तपासत, त्या पाहणीत पहिला नंबर हवा होता. मागल्या खेपेला पडलेली पानं बघून त्यांनी नाकं मुरडली होती. तिने झाड तोडून घेतलं.

मासिना म्हणाली, "वन्सं, मुळाचा एक फुटवा द्या. परसात लावते."

"परसात डुकरं आहेत."

"मग माहेरी नेते."

"मूल आमच्या घराण्याचं, झाडही आमचं. तू नेणारी कोण?" सिनिवा हसली. "आणि फुटवे राहिले तर पुन्हा पानं पडतील. मुळं खणून काढ. रोज कवटाळून बसायचीस, कुठवर गेलीत ते तुलाच ठाऊक."

मासिनाने दुपारपर्यंत खणलं. सिनिवाने तिथे क्रोटनची रांग लावून घेतली.

पाहणीच्या बायका खूष झाल्या. "माती किती भुसभुशीत केलीय," एक म्हणाली.

"आमच्या भावजयीने केलीय," सिनिवा म्हणाली. "तिला बागकामाची भारी हौस."