जुन्या क्रमांकाची बातमी

मी फीड बोलतोय. नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतातल्या एका लहान गावाच्या बर्फ मंडळाचा, म्हणजे गोठलेल्या कालव्यांवर स्केटिंगची वाट राखणाऱ्या मंडळाचा. नाव ऐकून बिचकू नका, मी म्हणजे एक साधी यादी. मंडळाच्या संकेतस्थळावर बातमी लिहिली की मी तिला क्रमांक देतो आणि यादीत वर चढवतो. ज्यांनी मला आपल्या फोनशी जोडून घेतलंय, त्यांचा फोन दर अर्ध्या तासाने माझ्या दारात येतो. “नवं काही?” विचारतो, नवा क्रमांक दिसला की बातमी घेऊन जातो. लिहिणाऱ्याला दारोदार फिरायला नको, वाचणाऱ्याला हेलपाटा नको.

मला जन्माला घातलं वीब्रनने. त्याचं स्केट्सना धार लावायचं दुकान आहे, आणि हिवाळ्यात कालव्यावरच्या बर्फाची जाडी मोजायचं मानाचं काम. शाळा अर्धवट सुटलेला माणूस, पण वाचनालयातून पुस्तक आणून तीन आठवड्यांत त्याने मला उभं केलं. त्याची बायको येल्चे म्हणायची, “माझा वाढदिवस विसरतोस, याचा मात्र लक्षात ठेवशील.” पहिल्याच वर्षी ‘चार वाजता वाटाण्याचं सूप’ एवढंच टाकलं, तर साडेचारला पातेलं खरवडायची पाळी आली. तिथून माझी पत वाढली. एकतीस जण जोडले गेले. ते कोण, हे वीब्रनला ठाऊक नव्हतं. मी कुणाचं नाव विचारत नाही.

कित्येक हिवाळे कालवे गोठलेच नाहीत. गेल्या वर्षी गोठले. पहाटे वीब्रनने तळ्यापाशी भोकं पाडली, बारा सेंटिमीटर भरलं, माणसांना पेलेल इतकं. आनंदाच्या भरात त्याने पुढचं न मोजताच लिहिलं : तळ्यापासून गिरणीपर्यंत वाट खुली. मी ती तत्परतेने वाटली.

दहा वाजता तो गिरणीच्या पुलाखाली पोचला. तिथे चारच सेंटिमीटर. वाट अडवायला आडव्या फळ्या हव्यात म्हणून तो धावत घरी आला आणि आधी बातमी उघडली. सकाळच्याच मजकुरात भर घातली : पुलाखालून जाऊ नका, काठावर चढून चालत जा.

येल्चे म्हणाली, “वेगळी बातमी टाक की.”

“एकाच वाटेच्या दोन बातम्या? लोक म्हणतील, याला धड मोजताही येत नाही.”

तो फळ्या गाडीत भरायला गेला.

तेवढ्यात एक फोन माझ्या दारात आला; तो सित्स्केचा, हे मला मागाहून कळलं. सित्स्के म्हणजे गावची निवृत्त टपालवाली, सत्तरी ओलांडलेली, पण बर्फावर कुणाला मागे टाकायची लाज नाही. तिने सकाळची बातमी वाचलेली होती. फोनने विचारलं, “नवं काही?” माझ्या पोटात पुलाची सूचना होती, पण क्रमांक सकाळचाच. मी म्हणालो, “नाही.”

खोटं बोललो नाही मी. तेच मला खातं.

ती निघाली. पुलाखाली बर्फ फुटला. काठावरच्या शेतकऱ्याने शिडी आडवी टाकून तिला ओढून काढलं म्हणून जीव वाचला. गुडघा मात्र गेला.

सहा आठवड्यांनी ती कुबड्यांवर दुकानात आली. वीब्रनने तिला बसायला स्टूल दिलं, कॉफी पुढे केली. म्हणाला, “सित्स्केबाई, मी दुरुस्ती केली होती हो. वेळेत केली होती.”

तिने फोन काउंटरवर ठेवला. दुरुस्ती तिथे होतीच; फोनने जुन्या क्रमांकाखालचा मजकूर मागाहून गुपचूप बदलून घेतला होता, पण बातमी वाचून झालेल्यांच्याच ढिगात राहिली होती.

“केलीस रे,” ती म्हणाली. “पण सांगितलंस कुणाला?”

 

आता वीब्रन स्वल्पविराम बदलला तरी नवी बातमी लिहितो. लोक हसतात, हसू देत. तुम्हीही माझ्यासारख्या कुणाच्या भरवशावर काही कळवत असाल, तर एवढं ऐका : चूक सुधारलीत की नव्याने सांगा. जुन्या ओळीत गुपचूप केलेल्या दुरुस्तीची खबर माझ्यासारख्याच्या हातून पोचत नाही.

त्या दिवशी दुकानातून निघण्याआधी सित्स्केने पिशवीतून स्केट्स काढून काउंटरवर ठेवले. आता विकायला लाव म्हणाली, आणि मंडळाच्या पानावर टाक. वीब्रनने रात्री लिहिलं. मी नवा क्रमांक दिला. अर्ध्या तासात बातमी एकतिसांकडे पोचली, तिच्याकडेही.