पंधरा दिवसांची चिठ्ठी

एक्क्याण्णवच्या थंडीतली आमच्या घरची सकाळ मला अजून क्रमाने आठवते. वाशीच्या खाडीकाठच्या गावात आमचे घर होते. पाचला आय चूल पेटवी, साडेपाचला बाबा होडी लावून येत, सहाला ओट्यावर कोलंबी आणि निवट्या वेगळ्या होत. मग आय जुन्या लुगड्याच्या चिंधीची चुंबळ वळून डोक्यावर ठेवी, आणि बाबा तिच्यावर पाटी चढवून देत. त्यांचे काम तिथे संपे. मासळी पुरुषाने धरायची आणि बाईने बाजारात न्यायची, हा गावाचा नेम. डोक्यावर पाटी घेतलेला पुरुष मी पाहिला नव्हता.

त्या आठवड्यात आयला सर्दी झाली. वाकली किंवा कुशीवर वळली, की तिच्याभोवती घर गरगर फिरे. "सर्दी डोक्यात चढली," ती म्हणाली. नव्या वसाहतीच्या सेक्टरातल्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली. तिसऱ्या दिवशी नाक मोकळे झाले आणि चौथ्या सकाळी आयने चुंबळ हातात घेतली.

"आय, गोळ्या उरल्यात."

"सर्दी गेली, आता कशाला त्या?"

मी नववीत होते. चिठ्ठी दारातल्या उजेडात नेऊन मी पुन्हा वाचली. वरच्या दोन गोळ्या तीन दिवसांच्या होत्या. खाली रेघ मारून, 'कानाची चक्कर' असे लिहून तिसरी होती, सकाळ-संध्याकाळ, पंधरा दिवस. तिच्याखाली डॉक्टरीणबाईंनी खाटेच्या कडेवर बसलेली, मग कुशीवर आडवी झालेली बाई काढली होती. शेजारी लिहिले होते: रोज असा व्यायाम, तीस आकडे मोजेपर्यंत पडून राहावे; एकदम वाकू नये, डोक्यावर ओझे नको.

"आय, दुखनी दोन हायत. सर्दी गेली. ही चक्कर कानाच्या आतली, डोकं हललं का येते."

"कानाची? तुझ्या बापाचं घोरनं तर चांगलं ऐकू येतं मना!"

बाबा हसले नाहीत. "पंधरा दिस?" त्यांनी विचारले.

"पंधरा दिस घरी बसले तर बाजारातली माझी जागा शेजारी बसनारी पुतळाबाय धरंल. अकरा वर्सांची जागा हाय. आन् बसवाला पाटी चढू देत नाय."

एवढे बोलून ती पाटीकडे वाकली, आणि तिचा हात भिंत शोधू लागला. चुंबळ खाली पडली. आय भिंतीला टेकून बसली आणि तिने डोळे मिटून घेतले. आय घाबरलेली मी प्रथमच पाहिली.

बाबांनी चुंबळ उचलली, झटकली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली.

"रुते, पाटीला हात लाव," ते मला म्हणाले.

"अवं, लोक काय म्हनतील?" आय म्हणाली.

"म्हनू दे. तू फकस्त विकायला बस."

ती हळूच उठली. "कपालावर नको, मागं घ्या," म्हणत तिने चुंबळ सरळ केली.

गल्लीच्या तोंडाशी जाळे विणत बसलेला बाजीराव ओरडला, "काय गोवर्धन, लुगडं कवा नेसतोस?"

बाबांना मान वळवता येत नव्हती. ते चालत राहिले. मागून आय निघाली, हातात फक्त मासळी कापायचा कोयता, मान सरळ.

संध्याकाळी ती खाटेवर चित्रातल्यासारखी आडवी झाली, आणि बाबांनी शेजारी बसून तीसपर्यंत आकडे मोजले. दुसऱ्या दिवशी सहाच्या सुमारास मी ओट्यावर आले, तेव्हा चुंबळ त्यांनी वळून ठेवली होती.