एका कानाचा सोबती

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. मला एका वेळी एकाच माणसाच्या कानात बोलायची सवय. तुम्हा इतक्या जणांसमोर बोलायचं म्हणजे मला धड सांगता येईल की नाही, याची शंकाच आहे. तरी जे ऐकलं, ते सांगतो.

कुठल्या कारखान्यात मला जोडलं, ते आठवत नाही. भान आलं तेव्हा मी बुधवार पेठेतल्या एका दुकानात खिळ्याला टांगलेला होतो. धायरीचा विक्रम नावाचा तरुण आला. त्याने मला कानाला लावलं, कानावर बसणारी माझी एक वाटी मागे फिरवून पाहिली, पुन्हा फिरवली.

"फिरवायलाच दिलीय ती," दुकानदार म्हणाला. "पण घ्यायचाय, की नुसता फिरवायचाय?"

विक्रमने मला घेतलं.

वाटी फिरते याचं त्याला एवढं अप्रूप का होतं, ते सांगायला हवं. डीजेचं काम नुसती गाणी लावायचं नसतं. एक गाणं संपत आलं की दुसरं त्यात असं मिसळायचं, की नाचणाऱ्याचा पाय थांबता कामा नये. त्यासाठी दोन्ही गाण्यांचे ठोके बरोबर एकावर एक पडावे लागतात. म्हणून डीजे एक वाटी मागे फिरवून तो कान उघडा ठेवतो आणि बाहेरचं गाणं ऐकतो. दुसऱ्या कानावर मी असतो आणि पुढे येणारं गाणं त्याला हळूच ऐकवतो. मांडवातल्या सगळ्यांच्या आधी ते गाणं मला ठाऊक असे. याचा मला गर्व होता, हे कबूल करतो.

विक्रम मला डाव्या कानावर लावत असे. सिंहगड रस्त्यावरच्या कितीतरी हळदींना आम्ही दोघांनी वाजवलं. लोक त्याची पाठ थोपटत, तेव्हा ती थाप माझ्या वायरपर्यंत पोचायची. माझ्या गादीचं कातडं सोलून निघालं, तेव्हा त्याची आई मुक्ताबाई म्हणाली, "कानाला टोचतंय की रं तुझ्या. आण इकडं." तिने आपल्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा कापून मला दोन टोप्या शिवल्या. त्या अजून माझ्या अंगावर आहेत.

पण स्पीकरची भिंत दर वर्षी उंच होत गेली. तिच्या दणक्यात मी ऐकू यावा म्हणून विक्रम माझा आवाज वाढवत गेला. हळू बोलणारा मी त्याच्या डाव्या कानात ओरडू लागलो. हेडफोनला नाही म्हणता येत नाही, मित्रांनो.

मग एका लग्नात दोन गाणी एकमेकांवर आदळली. ठोके एकावर एक न पडता पुढेमागे पडले, की टप-टप, टप-टप असा आवाज येतो. विक्रम त्याला टांगा म्हणत असे. त्या दिवशी टांगा भर मांडवात धावला. माणसं नाचायची थांबली. कोणीतरी ओरडलं, "ओ डीजेवाले, जेवून या आधी!" विक्रम त्याच्याकडे पाहून हसला. त्याला ना टांगा ऐकू आला होता, ना टोमणा.

डाव्या कानाचं ऐकणं गेलं आहे आणि ते परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. उजवा कान शांततेत बरा चाले, पण गोंगाटात त्यालाही सगळं एकच घोंगावणं वाटे. विक्रमने दोन्ही गाणी मी एकाच कानात ऐकवावीत असंही करून पाहिलं. नुसती खिचडी झाली. मग थोरले भाऊ सर्जेराव यांच्या मंडपाच्या गोदामात तो काम करू लागला. स्पीकर आणि गाणी वाजवायच्या यंत्रांचा सगळा सेट तिथेच एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेला आणि मी पुन्हा खिळ्यावर. माझ्या वाटीत कोळ्याने घर केलं, तरी कोणाला कळलं नाही.

मला खाली काढलं ते सर्जेरावांच्या धाकट्या मुलीने, तेजस्विनीने. ती कॉलेजात शिकत होती. कोळ्याचं जाळं झटकून ती म्हणाली, "काका, मला शिकवा ना."

"शिकायचं काय त्यात? सिंक म्हणून बटण आहे. दाबलं की ठोके आपोआप जुळतात."

"मग तुम्ही का नाही दाबायचात?"

विक्रमने ताडपत्रीवरची धूळ झटकली. "नव्या गाण्यांना ठीक आहे. आपली हळदीची जुनी गाणी माणसांनी वाजवलीत. हलगीवाल्याला चेव आला की तो पळतो. बटणाला चेव कुठं कळतो?"

सर्जेराव दारात उभे राहून ऐकत होते. "एकाला ऐकू येत नाही, दुसरीला वाजवता येत नाही. झकास. पाहुण्यांना दारातच कापूस वाटतो." मग ते गंभीर झाले. "विक्रम, हिंजवडीचा एक माणूस सेट विकत मागतोय. तिला शिकवायचंय तर शिकव. संस्कृतीच्या हळदीला तीच वाजवेल. मांडवात नाच थांबला, तर दुसऱ्या दिवशी सेट जाईल. धूळ खात ठेवण्यापेक्षा बरं."

संस्कृती म्हणजे तेजस्विनीची थोरली बहीण. तिचं लग्न जवळ आलं होतं. विक्रमने मान हलवली, पण माझी वायर त्याने बोटाला घट्ट गुंडाळली होती.

शिकणं सोपं नव्हतं. तेजस्विनी लॅपटॉपवरचे आकडे बघून वेग जुळवी. दोन्हीकडे आकडा सारखा दिसे आणि तरी टांगा सुटे. मग ती घाबरून वेगाची पट्टी खाली-वर ढकले. एकदा विक्रमने खांद्यावरचा टॉवेल लॅपटॉपवर टाकला.

"थंडी वाजतेय का त्याला?" सर्जेरावांनी जाता जाता विचारलं.

"बघायचं नाही, ऐकायचं," विक्रम तिला म्हणाला. "आधी ठरव, पुढं कोण पळतंय. ते कळल्याशिवाय हात लावायचा नाही."

"दोन्हीकडे एकदम लक्षच जात नाही, काका."

तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं. "बाहेरचं गाणं मी इथं देतो. तू फक्त आतलं ऐक." गोदामातल्या शांततेत उजव्या कानाने ऐकत तो बोटाने ठोके देऊ लागला. तिच्या कानात माझे ठोके पडत होते, मनगटावर त्याचे. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आतलं पुढे जातंय."

"मग?"

"थोडं हळू करते."

"थोडं म्हणजे मुंगीएवढं."

असे बरेच दिवस गेले. हळूहळू त्याचं बोट हलकं होत गेलं आणि एक दिवस त्याने ते उचलूनच घेतलं. तिच्या ते लक्षातही आलं नाही. एका गोष्टीत मात्र तो फार कडक होता. ती माझा आवाज वाढवू लागली की म्हणे, "कमी कर. ऐकू येत नसेल तर स्पीकरचा आवाज उतरवायचा, ह्याचा चढवायचा नाही." हे सांगताना तो माझ्याकडे बघत नसे.

हळदीच्या दिवशी घरासमोरचा मांडव भरून गेला. सुरुवातीची गाणी नीट मिसळली. मग मुक्ताबाईंनी निरोप धाडला, हलगीचं जुनं गाणं लाव. तेजस्विनीने ते माझ्यात ऐकलं, वेग जुळवला आणि चालू गाण्यात हळूच सोडलं. क्षणभर सगळं जागेवर होतं. मग हलगीवाल्याला चेव आला.

टप-टप. टप-टप.

पाय अजून थांबले नव्हते, पण अडखळू लागले होते. कमरेवर हात ठेवलेले सर्जेराव आमच्याकडे वळले. तिचा हात पट्टीकडे धावला आणि मध्येच थांबला. पुढं कोण पळतंय? हलगी. हलगीचं गाणं ज्या तबकडीवर फिरत होतं, तिच्या कडेला तिने बोट लावलं, तव्यावरची भाकरी चाचपावी इतकंच. टांगा मंदावला. दोन टापांची एक टाप झाली. मुक्ताबाईंनी दोन्ही हात वर केले आणि संस्कृतीने हळदीच्या हातांनी वडिलांना नाचात ओढलं.

विक्रम तेजस्विनीशेजारीच उभा होता. तो तिच्याकडे वाकला. "बसलं का गं?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या गोंगाटात त्याला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं.

तिने मला काढलं, माझा आवाज आणखी कमी केला आणि मला त्याच्या उजव्या कानावर ठेवलं. मी त्याला हलगी ऐकवली, नुसती हलगी. तिने त्याचं मनगट धरलं आणि मांडवातल्या दुसऱ्या गाण्याचे ठोके बोटाने देऊ लागली. त्याने डोळे मिटले. पूर्वी डाव्या कानातून जसा मला तो जाणवे, तसाच तो मला आता उजव्या कानातून जाणवत होता.

"मुंगीएवढं पुढं आहे," तो म्हणाला.

तिने तबकडीला बोट लावलं.

"हां. आता बसलं."

सकाळी हिंजवडीच्या माणसाचा फोन आला, तेव्हा सर्जेरावांच्या कानामागे अजून हळद होती. "सेट कामात आहे," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझी गादी फाटली तर कोणीतरी लुगड्याचा तुकडा शिवून देतं. कानाला तशी गादी कोणी शिवून देऊ शकत नाही. माझ्यासारख्याला कानाला लावाल, तेव्हा आम्हाला ओरडायला लावू नका. आम्ही मुळात हळू बोलणारेच आहोत.