डावऱ्या हातातली तलवार

कोल्हारच्या एस.टी. थांब्यावर मुक्ताबाई पदर सावरत उभी होती. नगरहून एक पाहुणा यायचा होता. पण ती त्याला घरी न्यायला आली नव्हती, जमलं तर वाटेतच अडवायला आली होती.

झालं होतं असं की, तिचा सासरा रखमाजी एके काळी टांगा हाकायचा. त्या दिवसांत प्रवरेच्या काठी एका तलवारबाजीच्या सिनेमाचं शूटिंग झालं होतं. सिनेमातला सरदार शत्रूच्या वेढ्यातून निसटतो, घोड्यासकट दरडीवरून नदीत उडी घालतो आणि फुगलेल्या पाण्यातून पैलतीर गाठतो, असा त्यात प्रसंग होता. हिरोची काही पाण्यात उतरायची छाती होईना. मग त्याचा अंगरखा, त्याचं मुंडासं चढवून रखमाजीनं आपला घोडा पाण्यात घातला. दरडीवरची उडी मात्र माणसाची नव्हतीच, ती हातभर लाकडी बाहुल्याची. कंपनीनं जाताना तो बाहुला, त्याचा घोडा आणि सगळा सरंजाम रखमाजीला बक्षीस दिला. असं रखमाजी सांगायचा.

गाव ऐकायचं आणि हसायचं. भगवतीच्या जत्रेत तंबूच्या टॉकीजमध्ये तो सिनेमा लागला तेव्हा सगळे डोळे ताणून बसले होते. पण पाण्यातला स्वार पाठमोरा आणि लांबवर. तोंड दिसेल तर शपथ! पिठाच्या गिरणीचा मालक गोरक्षनाथ तेव्हापासून जो सुटला तो सुटलाच. "हिरो पार शेवटापत्तुर उजव्या हातानं तलवार चालवतो," तो म्हणायचा, "अन् ह्यांच्या बाहुल्याच्या डाव्या हातात तलवार. कामून? म्हाताराच डावरा हाय! घरीच बसून कोरलाय त्यानं."

बाहुला डावरा का, हे रखमाजीलाही ठाऊक नव्हतं; कंपनीनं तो तसाच दिला होता. हळूहळू तो चारचौघांत त्याविषयी बोलायचाच बंद झाला, सांगायचा तो घरात. बाहुला पेटीत गेला. मुक्ताबाई लग्न होऊन आली ती त्यानंतर. आईविना वाढलेल्या तिला या माणसानं लेकीसारखं जपलं होतं. तरी त्याची गोष्ट तिला कधी पुरती पटली नव्हती, आणि त्याचंच तिला वाईट वाटायचं.

अशात एकाहत्तर सालच्या थंडीत म्हाताऱ्याला न्यूमोनिया झाला. उठला, पण जेवणावरची वासना गेली ती गेलीच. त्यातच कुणीतरी सांगितलं, नगरला सावेडीत काकासाहेब म्हणून एक गृहस्थ आहेत, पूर्वी स्टुडिओत कामाला होते, जुन्या सिनेमांतल्या वस्तू जमवतात, खरी कुठली नि नकली कुठली ते ओळखतात. रखमाजीनं कुणाला न विचारता त्यांना निरोप धाडला. शिवाय गिरणीवर जाऊन सांगून आला, "गुरुवारी या समदे. व्हऊनच जाऊ द्या."

मुक्ताबाईनं तेव्हाच पाहुण्याला वाटेत गाठायचं ठरवलं. नवरा छगन साखर कारखान्यावर, त्याची पाळी सुटायला संध्याकाळ होणार. जे करायचं ते तिलाच करायचं होतं.

गाडी आली. धोतर, काळा कोट, काखेत चामडी पिशवी असा एक पोक्त माणूस उतरला. मुक्ताबाई पुढं झाली.

"काकासाहेब का तुमी? मी रखमाजीबाबांची सून."

"अरे वा, न्यायला आलात?"

"एक मागणं हाय." तिनं इकडंतिकडं पाहिलं. "बाहुला खरा निघू द्या न्हाईतर खोटा. तुमी खराच म्हना. मामा आत्ता कुठं दुखन्यातनं उठल्यात. चारचौघांत खोटं ठरलं तर त्ये जगायचे न्हाईत."

काकासाहेबांनी पिशवी दुसऱ्या काखेत घेतली.

"बाई," मग ते म्हणाले, "खोटं मी बोलणार नाही. एकदा बोललो की माझ्या शब्दाला काय किंमत? पण एवढं करीन. सांगण्यासारखं नसेल, तर लोकांदेखत काही सांगणार नाही. चहा घेईन आणि मुकाट्यानं गाडीत बसेन."

तेवढ्यावर समाधान मानून ती त्यांच्या पुढं चालू लागली. पण लोक काय दुधखुळे होते? पाहुणा गप्प परतला तर त्याचा अर्थ कुणालाही कळला असता.

घरापाशी ओटीवर गोरक्षनाथ आधीच येऊन बसला होता. गिरणीवरचे दोघंतिघंही होते. रखमाजीनं धुतलेलं धोतर नेसलं होतं, नवा पटका बांधला होता. त्यानं पेटीतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेला बाहुला, त्याच्या घोड्यासकट, काढला आणि दोन्ही हातांनी पाहुण्यांपुढं ठेवला.

काकासाहेबांनी पिशवीतून भिंग काढलं. बाहुल्याचे हातपाय हलवून पाहिले, तळहातावर तोलून पाहिला.

"पांगाऱ्याचं लाकूड. सांध्यांना चामडं. पायांत शिसं भरलंय." ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते. "वरून पडताना उलटा होऊ नये म्हणून भरतात."

"शिसं तर कुनीबी भरल," गोरक्षनाथ म्हणाला.

काकासाहेबांनी मान हलवली. "बरोबर आहे. नुसत्या शिशावरून काही ठरत नाही."

मुंडासं त्यांनी उलटून पाहिलं, कंबरपट्ट्याची जर नखानं खरवडली आणि दोन्ही एका बाजूला ठेवली. घोड्याचं खोगीर काढून त्याच बाजूला ठेवलं. ढाल मात्र हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले, आणि ती दुसऱ्या बाजूला ठेवली.

"ही ढाल कंपनीची नाही."

ओटीवर कुणीतरी हसलं. मुक्ताबाईनं दाराची चौकट घट्ट धरली.

"न्हाईच," रखमाजी शांतपणे म्हणाला. "असली ढाल पान्यात गेली. ही आमच्या बनाबाईनं, छगनच्या आईनं, टांग्याच्या जुन्या पट्ट्याची केली. घोड्याचं शेपूटबी माझ्या घोड्याच्या केसांचं हाय. पैलं झडलं हुतं."

"हां," काकासाहेब म्हणाले. "तेच विचारणार होतो." त्यांनी पहिल्यांदाच म्हाताऱ्याकडं नीट निरखून पाहिलं.

मग तलवार. बाहुल्याच्या डाव्या मुठीतून ती त्यांनी अलगद उपसली.

"आता बोला की," गोरक्षनाथ सरसावला. "हिरो उजवा, बाहुला डावरा. ह्ये कसं?"

काकासाहेबांनी बाहुल्याची उजवी मूठ भिंगाखाली धरली, खिशातून टाचणी काढली आणि बोटांच्या बेचक्यात हळूच टोकरू लागले. रंगाचा एक पोपडा निघाला. खालून लाल लाखेचा थेंब दिसला. टाचणीचं टोक आत शिरलं, आणि लाखेची गुळी सुटून त्यांच्या मांडीवर पडली. उजव्या मुठीत आरपार भोक होतं.

"अरे!" काकासाहेब म्हणाले. त्यांचा आवाजच बदलला. "अरे, हा तर आमचा डावरा!"

कुणाला काहीच कळेना.

"हे बघा," ते गोरक्षनाथकडं वळले. "बाहुला आधी उजव्या हाताचाच केला होता, हिरोसारखा. नंतर उजव्या मुठीतलं भोक लाखेनं बुजवलं आणि डाव्या मुठीत नवं पाडलं. डावऱ्या माणसानं घरी बसून कोरला असता, तर त्यानं आधी उजवीकडं भोक कशाला पाडलं असतं?"

गोरक्षनाथ पुढं वाकून त्या भोकाकडं बघू लागला.

"तेव्हा मी स्टुडिओत रंगकामाला होतो. नदीकाठाहून निरोप आला की पाण्यात घोडा घालणारा माणूस डावरा आहे. त्यानं तलवार डाव्या हातात धरलीय, आणि पाण्यातलं चित्रण तर उरकून गेलंय. आता उडी मारणारा बाहुला उजवा आणि पाण्यातला स्वार डावरा कसा चालेल? आमचा सुतार असा तडकला म्हणता! तयार बाहुल्याच्या मुठी बदलून तो नदीकाठी धाडावा लागला. त्या न पाहिलेल्या डावऱ्याला आम्ही आठवडाभर शिव्या घातल्या." ते हसायला लागले. "रखमाजीबाबा, त्या शिव्या तुम्हाला होत्या!"

"पर शिनेमात..." गोरक्षनाथनं तोंड उघडलं.

"सिनेमात पाण्यातली तलवार कुठल्या हातात होती? तुम्ही पाहिलाय ना?"

"पायला की. जत्रेतला तंबू हलला तरी त्याच्यामागं जाऊन पायलाय." गोरक्षनाथनं डोळे मिटले. एक हात लगाम धरल्यासारखा छातीशी नेला, दुसरा उंच उचलला. डोळे उघडून वर पाहिलं तर डावाच हात वर गेला होता. तो तसाच राहिला.

"आयला," तो म्हणाला. "डावाच हुता."

कुणी हसलं नाही. गोरक्षनाथ उठला आणि रखमाजीपुढं येऊन उकिडवा बसला. "बाबा, त्या पान्यातल्या स्वाराला म्या दौलतजादा केला हुता वो. पडद्यावर चिल्लर फेकली. टाळ्या पिटल्या. अन् तुमालाच..." त्यानं वाकून म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला.

"असू दे रं," रखमाजी म्हणाला. "तोंडच दिसलं न्हाई, तर तू तरी काय करशील!" आणि बऱ्याच दिवसांनी तो मोकळं हसला.

मुक्ताबाई चहाचं निमित्त करून आत गेली. चुलीपुढं बसल्यावर मात्र तिचा बांध फुटला. धुराच्या नावाखाली तिनं पोटभर रडून घेतलं. बाहेर सासरा पाहुण्यांना सांगत होता, पाणी किती गार होतं, घोड्याच्या कानात पाणी जाऊ नये म्हणून त्यानं काय केलं, काठावर कंपनीच्या माणसांनी त्याला कसं घोंगड्यात गुंडाळलं. हे तिनंही पूर्वी ऐकलं होतं, पण भाकरी थापता थापता. आज ती पातेलं उतरवून कान देऊन ऐकत बसली.

काकासाहेबांनी नगरला प्रदर्शनात ठेवायला बाहुला मागितला. रखमाजी म्हणाला, "न्या की. पर ढाल काढून ठिवू नका. ती बनाबाईची हाय."

"ढालीसकट नेईन," काकासाहेब म्हणाले. "कुणी केली तेही लिहून ठेवीन."

निघताना ते उंबऱ्यापाशी मुक्ताबाईजवळ थांबले. "पाहा," ते हळूच म्हणाले, "खोटं बोलायची वेळच आली नाही." तिनं नुसते हात जोडले.

संध्याकाळी छगन सायकल भिंतीला टेकवतोय तोच तिनं त्याला अंगणातच गाठलं आणि सगळं सांगितलं, लाखेची गुळी, डावी मूठ, गोरक्षनाथचा वर राहिलेला हात. सांगता सांगता तिचा आवाज इतका चढला की शेजारीण डोकावून गेली. आत म्हातारा आज मागून घेऊन दुसरी भाकरी खात होता.

छगननं सगळं ऐकलं, डोक्यावरची टोपी काढून झटकली.

"मला पैल्यापासनं ठावंच हुतं," तो म्हणाला.

"ठावं हुतं व्हय?" मुक्ताबाईनं त्याच्याकडं रोखून पाहिलं.

छगन ओशाळला आणि हसला. मग तीही हसली.