वेल्शवाल्यांचं टेबल

वेल्समधल्या आमच्या नँटवेनच्या शाळेत तिसऱ्या वर्षी वर्गाचे दोन भाग पडायचे. वेल्श घेणारे एका खोलीत, फ्रेंच घेणारे दुसरीत. दोन्ही तास एकाच वेळी, म्हणून दोन्ही भाषा घेता येत नसत. मधली भिंत नुसत्या लाकडी फळ्यांची होती. मी वेल्शला गेलो, मेन्ना फ्रेंचला. तिचा आवाज ऐकू यावा म्हणून मी भिंतीशी बसायचो. त्यापायी फ्रेंच क्रियापदं पाठ झाली, त्यांचा आजवर काही उपयोग झालेला नाही.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात आम्ही अजून तसेच बसतो. मार्च महिन्यातला शनिवार, शाळेचं सभागृह, मटण आणि लीकच्या जाड कांदापातीचा रस्सा, आणि प्रत्येक वर्गाचं वेगळं टेबल. जेवणानंतर प्रत्येक टेबलाने आपल्या वर्गाचं कडवं दोन सुरांत म्हणायचं. म्हणूनच एकट्या माणसाचं टेबल मांडत नाहीत. कोणी एकटा उरला की तो वर्ग मिटला असं समजून त्याला शेजारच्या टेबलावर बसवतात.

हिवाळ्यात ग्विलिम गेला आणि आमच्या वर्गाचा मी एकटा उरलो. वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्या वाईट वाटण्यातच एक विचार येऊन बसला होता: यंदा मेन्नाच्या टेबलावर बसायला मिळणार. तो विचार आला याची लाज वाटली, तरी मी नवा टाय घेतला.

"अहो एल्विन, तुमची खुर्ची तिकडे नेऊ ना?" डेलिथने विचारलं. मेळाव्याचं सगळं तीच बघते. आमच्यापेक्षा बरीच धाकटी आहे.

मी होकारार्थी मान हलवली. फ्रेंचवाल्यांत मेन्नाशेजारी जागा रिकामी होती.

"ये, ये!" त्या टेबलावरून क्लेडविन ओरडला. गुरांचा डॉक्टर होता, आवाज अजून गोठ्यातलाच. "सगळी पुस्तकं वाचून झाली वाटतं, म्हणून माणसांत आलास!"

"थांब गं डेलिथ, नेऊ नकोस," मेन्ना म्हणाली. तिने आपली वाटी उचलली, काठी काखेत मारली आणि सरळ माझ्या टेबलाशी आली. "दोघं झाले की टेबल होतं ना?"

"होतं. पण त्यांचं कडवं येतं तुम्हाला?"

"फळ्यांतून सगळं ऐकू यायचं, बाई."

"फितूर!" क्लेडविन म्हणाला.

"तू खा मुकाट्याने. तुम्ही चौघं उरताय, तुमचं भागेल."

ती समोर बसली. इतकी वर्षं जे बोलायचं ठरवत आलो, त्यातलं मला एकही वाक्य आठवेना. मीठ हवंय का, असं मी दोनदा विचारलं.

"मला याच वर्गात यायचं होतं रे," ती म्हणाली. "बाबा म्हणाले, वेल्श काय, घरात आजी बोलतेच, नोकरी फ्रेंचने मिळेल. मग आजी गेली. पुढे सगळं आयुष्य इंग्लंडात, लिव्हरपूलला काढलं. तिथे कोणाशी बोलणार? मनातल्या मनातसुद्धा बोलायची सवय गेली."

म्हणजे ती वर्गासाठी आली होती, माझ्यासाठी नाही. एवढं मला कळलं. हिरमुसलो, पण तिच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर हिरमुसायचाही संकोच वाटला. ती आमच्या टेबलाच्या कडेवरून हात फिरवत होती, परतलेल्या माणसाने घराचं दार चाचपावं तशी.

आमची पाळी आली. आम्ही उभे राहिलो. तिने ग्विलिमचा खालचा सूर धरला. चाल चोख होती, शब्द मात्र फळ्यांतून गाळून आलेले: कुठे शेवट गिळलेला, कुठे दोन शब्दांचा एक झालेला. मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलेला माणूस, चुकीचा शब्द कानाला टोचतो. पण दुसऱ्या ओळीपासून मीही तिच्यासारखाच म्हणू लागलो. सभागृहात कोणाच्या लक्षात आलं असेल तर देव जाणे. तिच्या आलं. तिने गाता गाता माझ्याकडे वळून पाहिलं.

खाली बसल्यावर डेलिथ आली. "मग पुढच्या वर्षी कसं करायचं? मेन्ना, तुमची खुर्ची कुठे मांडू?"

"त्याला विचार. टेबल त्याचं आहे."

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. "इथेच," मी म्हणालो. आवाज बहुधा बाहेर पडलाच नाही, कारण डेलिथ म्हणाली, "काय?"

मी पुन्हा म्हणालो.