पोटभाडेकरू

रामहरींनी श्रीपूरच्या कारखान्यात उसाच्या गाड्यांचं वजन करण्यात उमेद घालवली आणि निवृत्त झाल्यावर सोलापुरात विजापूर रोडच्या आतल्या बाजूला दुमजली घर बांधलं. खाली आपण राहायचं, वर भाडेकरू ठेवायचा, असा साधा बेत. पण घरमालक व्हायचं म्हणजे आधी सल्ला घ्यावा, असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि शेजारी बसलिंगप्पा राहत होते. बसलिंगप्पा मूळचे अक्कलकोटकडचे, खोल्या भाड्याने देण्यात केस पिकलेले. भाडेकरूसमोर हसताना त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं.

"घरोबा नको," बसलिंगप्पांनी सांगितलं. "काका म्हणू द्यायचं नाही, मालक म्हणायला लावायचं. भाडेकरूचा विषय घरात काढायचा नाही. आणि काही झालं तरी त्याला डोक्यावर बसवायचं नाही बघा."

आता हे दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर चाललं असतं. पण रामहरी शब्दाला भलतेच पक्के. कारखान्यात एकदा साहेब म्हणाले, "या गाडीकडे जरा डोळेझाक करा," तर यांनी खरोखर डोळे मिटले, ते गाडी शेडच्या खांबाला धडकेपर्यंत उघडले नाहीत. तर अशा माणसाने रात्रभर विचार केला आणि त्यांच्या ध्यानात आलं की भाडेकरू वर राहिला म्हणजे तो आपल्या डोक्यावरच बसला की. सकाळी त्यांनी स्वतःचं बिऱ्हाड वर हलवलं.

"नळ खाली, तुळस खाली, आन माजं गुडघं वर," असं म्हणत त्यांच्या बायको मथुराबाई धापा टाकत जिना चढल्या. उन्हाळ्यात वरचा स्लॅब असा तापायचा की मालक-मालकीण भाजून निघायचे आणि भाडेकरू खाली गार फरशीवर झोपायचे. रामहरींना त्यात काही वावगं वाटलं नाही.

खाली मायाप्पा आणि प्रियंका आले. माळशिरसकडचं, मेंढरं राखणाऱ्या घरातलं नवं जोडपं. मायाप्पा टॉवेलच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करायचा. करार बसलिंगप्पांनीच तयार करवून दिला. त्यात एक कलम ठळक अक्षरांत होतं: पोटभाडेकरू ठेवल्यास घर तात्काळ खाली करावे लागेल. म्हणजे भाडेकरूने आपल्या जागेत आणखी कुणाला भाड्याने घुसवायचं नाही. मायाप्पाने ते कलम वाचलं, जरा दचकून रामहरींकडे पाहिलं, आणि सही केली.

पोरं गुणी निघाली. प्रियंका सकाळी जिना झाडून काढायची, मायाप्पाने न सांगता पंप दुरुस्त केला. रामहरींना दोघं मनापासून आवडायला लागली आणि म्हणूनच पुढचा प्रकार त्यांच्या फार जिव्हारी लागला.

मे महिन्यात प्रियंका अंगावर सोलापुरी चादर गुंडाळून फिरायला लागली. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळतंय आणि ही नळावर चादर लपेटून उभी. रामहरींनी विचारलं तर म्हणाली, "थंडी वाजतीया मालक," आणि घाम पुसला. मग एका दुपारी खालच्या खिडकीतून बोलणं वर आलं.

"आज लई लाथा मारतोय," प्रियंका म्हणत होती.

"मारू दे की," मायाप्पा म्हणाला. "घर त्येचंच हाय."

रामहरींनी मनाशी जुळवलं. घरात तिसरा माणूस आहे, तो बिचारीला लाथा मारतो, आणि वर घरावर हक्क सांगतो. अशी सोन्यासारखी पोरं, आणि आता त्यांना बाहेर काढावं लागणार. तरी करार तो करार. ते बसलिंगप्पांना घेऊन खाली गेले. मागोमाग मथुराबाई जिन्याच्या पायरीवर येऊन बसल्या.

"मायाप्पा, खरं सांग. घरात पोटभाडेकरू हाय का न्हाय?"

मायाप्पाने मान खाली घातली. "हाय मालक. चुकी झाली."

"कुटं दडवलाय?"

"दडवलाय कशाला? हितंच हाय की."

रामहरी कॉटखाली वाकले. बसलिंगप्पांनी कपाट उघडलं.

"कधी आणला?" बसलिंगप्पांनी कपाटात डोकं घालून विचारलं.

"आणला न्हाय वो, आपसूक आला. सही केली तवा आमालाबी ठावं नव्हतं."

"मग आत्ताच्या आत्ता बाहेर काढा त्याला."

यावर प्रियंका रडायला लागली. "आत्ता कसं काढू? दिस भरलं न्हाईत अजून. डॉक्टरीणबाईनं प्रवास बंद सांगितलाय, न्हाईतर माहेरी गेली असती. दुसरीकडं खोली बगायला गेलो, तर पोट बगून कुणी दार उगडंना. तुमी घालवलं तर बाळातपणाला म्या जाऊ कुटं?" आणि तिने चादर सोडली.

रामहरी कॉटखालून डोकं वर काढत होते. समोर ते पोट.

मग जिन्यावरून मथुराबाई म्हणाल्या, "सातवा लागलाय तिला."

"तुला म्हाईत व्हतं?"

"पयल्यापासनं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमीच म्हणला न्हवं, भाडेकरूचा विषय घरात काढायचा न्हाय."

रामहरींना स्वतःची अशी लाज वाटली की कॉटखाली परत जावं. आपल्या एका शब्दापायी ही पोर एवढ्या उन्हात चादरीत शिजत होती. त्यांनी करार मागवला आणि ते कलम खोडायला पेन काढलं. बसलिंगप्पांनी त्यांचा हात धरला. खाडाखोड केली की करार बाद होतो, असं त्यांचं म्हणणं. मग कपाटाचं दार हळूच लावून ते म्हणाले, "मालकाची लेखी परवानगी असली तर पोटभाडेकरू चालतो."

रामहरींनी खाली लिहिलं: सदर पोटभाडेकरूस मालकाची परवानगी आहे.

"आन जुळं झालं तर?" मायाप्पाने काळजीने विचारलं.

बसलिंगप्पांनी विचार केला आणि "पोटभाडेकरूंस" असा अनुस्वार द्यायला लावला.

जुळं झालं नाही. एकच मुलगी झाली, अक्षता. पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी बसलिंगप्पा आपल्या फाटकात उभे होते, तर समोरून रामहरी येत होते आणि त्यांच्या मानेवर अक्षता बसली होती, त्यांचे उरलेसुरले केस दोन्ही मुठींत धरून.

"रामहरी," बसलिंगप्पा म्हणाले, "डोक्यावर बसवू नका म्हणून सांगितलं होतं की."

"ते भाडेकरूचं सांगितलं व्हतं अप्पा," रामहरी म्हणाले. "ही पोटभाडेकरू हाय." आणि दाराची चौकट तिच्या डोक्याला लागू नये म्हणून गुडघ्यांत वाकून ते आत गेले.